जुन्या ग्रेडच्या शेजारी नव्या ग्रेड : मेडिकल स्कूलपूर्वीची माझी पोस्ट-बॅकची वर्षे

महाराष्ट्रात डॉक्टर व्हायचे ठरवलेल्या मुलाला नीटमध्ये मनासारखे गुण पडले नाहीत, तर पुढे काय करायचे हे घरोघरी ठाऊक असते. एक वर्ष ‘रिपीट’ करायचे, लातूरला खोली घेऊन क्लास लावायचा आणि पुन्हा परीक्षेला बसायचे. त्या परीक्षेत ७२० पैकी जे गुण मिळतील त्यांवर प्रवेश ठरतो आणि आदल्या वर्षीच्या गुणांचा विषय तिथेच संपतो. अमेरिकेतील मेडिकल स्कूलच्या प्रवेशात हा विषय असा संपत नाही. इथे आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, मग मेडिकल स्कूलला अर्ज करता येतो, आणि त्या चार वर्षांत घेतलेल्या प्रत्येक विषयाची ग्रेड, अगदी पुन्हा घेतलेल्या विषयाची पहिली ग्रेडसुद्धा, अर्जाबरोबर जाते. म्हणून पदवीला ग्रेड कमी पडलेले बरेच विद्यार्थी पदवी हातात आल्यावर पुन्हा पदवीच्याच पातळीवरचे विज्ञानाचे विषय घेतात आणि त्यांत सातत्याने उत्तम कामगिरी करून दाखवतात. याला सगळे ‘पोस्ट-बॅक’ म्हणतात. मी या वाटेने गेले. माझ्या ओळखीच्या मराठी घरांतून आजही याबद्दल विचारणा होते, म्हणून माझा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे.

दहावीनंतर मी आईबाबांबरोबर साताऱ्याहून न्यू जर्सीला आले. दोन वर्षे इथल्या हायस्कूलमध्ये काढून राज्य विद्यापीठात जीवशास्त्राला प्रवेश घेतला. घर ते कॅम्पस हा प्रवास रोजचा, शनिवार-रविवार दुकानात काम, फी वाचावी म्हणून एका सत्रात १८ क्रेडिट (विषयाच्या तासांवरून ठरणारे एकक), आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सुरू झालेले आईचे दीर्घ आजारपण, अशा परिस्थितीत ती पदवी पूर्ण झाली. १२० क्रेडिटवर माझा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, २.९ होता, आणि फक्त विज्ञान व गणिताचे विषय धरले तर २.५. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दोन्ही सत्रांत ‘सी’ आणि फिजिक्सच्या दुसऱ्या सत्रात ‘सी-मायनस’. ४.० च्या मोजपट्टीवर (‘ए’ला ४, ‘बी’ला ३, ‘सी’ला २) हे आकडे किती खाली आहेत ते कळण्यासाठी एवढेच सांगते की, २०२३ साली एमडी (इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अभ्यासक्रमांना प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांचा सरासरी जीपीए ३.७७ होता, आणि त्या वर्षी अर्ज केलेल्या सुमारे ५२ हजार जणांपैकी सुमारे २३ हजार जणांनाच जागा मिळाली.

पदवीनंतर मी एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात स्क्राइब म्हणून नोकरी धरली. डॉक्टर रुग्णाशी बोलत आणि तपासत असताना त्यांच्या मागे उभे राहून संगणकावर नोंदी करायच्या, हे स्क्राइबचे काम. पगार जेमतेम होता, पण डॉक्टर विचार कसा करतात हे इतक्या जवळून ऐकायला मिळण्याची दुसरी जागा मला माहीत नाही. तिथे काही महिने काढल्यावर हेच शिकायचे हा विचार पक्का झाला, आणि मग प्रश्न उरला तो वाटेचा.

बाबांना माझी घालमेल दिसत होती. ते म्हणाले, “अगं, मग सरळ एम. एस. कर की. वरची डिग्री मिळाली की खालचे मार्क कोण बघतंय?” भारतातल्या अनुभवावरून त्यांचे म्हणणे बरोबरच होते, आणि आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी हाच सल्ला दिला. इथे मात्र तो लागू पडत नाही, आणि याचे कारण अर्जाच्या रचनेतच आहे. एमडी देणाऱ्या बहुतेक मेडिकल स्कूलचे अर्ज ‘ॲमकास’ या एकाच केंद्रीय सेवेतून जातात. ती सेवा आपला जीपीए स्वतः नव्याने काढते आणि वेगवेगळ्या ओळींत मांडते : पदवीचे पहिले वर्ष, दुसरे, तिसरे, चौथे, त्याखाली पदवीनंतर घेतलेले पदवीपातळीचे विषय, मग या सगळ्यांचा एकत्रित आकडा, आणि अगदी शेवटी, स्वतंत्र, मास्टर्सच्या पातळीचे विषय. मास्टर्सला सगळे ‘ए’ मिळाले तरी एकत्रित आकड्यात त्यांचा एक कणही मिसळत नाही. पोस्ट-बॅकचे विषय मात्र मिसळतात, आणि शिवाय त्यांची स्वतःची वेगळी ओळही दिसते. प्रत्येक ओळीत विज्ञान-गणिताचा जीपीए, इतर विषयांचा जीपीए आणि दोन्हींचा मिळून जीपीए असे तीन रकाने असतात. या तक्त्याकडे नीट पाहिल्याशिवाय कोणीही कुठल्याच अभ्यासक्रमाची फी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मास्टर्सचा एक वेगळा प्रकारही आहे, त्याला ‘स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम’ म्हणतात. जॉर्जटाउन विद्यापीठाचा असा कार्यक्रम बराच जुना आणि नावाजलेला आहे. त्यात विद्यार्थी मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाचे विषय, त्याच विद्यार्थ्यांच्या बरोबरीने, घेतात. तिथे चमकले तर ‘हा मुलगा आमचा अभ्यासक्रम पेलू शकतो’ असा थेट पुरावाच मिळतो. पण फी मोठी असते, आणि तिथेही ग्रेड घसरल्या तर त्यानंतर दाखवायला काही उरत नाही. ज्यांचा पदवीचा जीपीए ३.३ च्या आसपास आहे आणि पायाभूत विषय पक्के आहेत, त्यांच्यासाठी तो मार्ग चांगला आहे. माझ्या पायातच पोकळी होती. विद्यापीठाच्या सल्लागार बाईंनी माझी ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) अर्धा तास वाचून हेच सांगितले, आणि त्यांचे ते निदान मला आजही योग्य वाटते.

त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर कागदावर गणित मांडले. १२० क्रेडिट गुणिले २.९ म्हणजे ३४८ गुण. समजा मी आणखी ४० क्रेडिट घेतले आणि सगळ्यांत ‘ए’ मिळवला, तर १६० गुणांची भर पडेल. एकूण ५०८ गुण भागिले १६० क्रेडिट, म्हणजे ३.१८. दोन वर्षे एकही चूक न करता राबायचे आणि आकडा २.९ वरून ३.१८ वर जाणार, हे ऐकताना मी गप्पच झाले. बाई मात्र पुढे म्हणाल्या की, एकत्रित आकडा ज्या वाचकाला पुरेसा वाटतो तो तुझा अर्ज तिथेच बाजूला ठेवील, आणि त्याला आपला इलाज नाही. पण जो खालच्या ओळी वाचतो त्याला पोस्ट-बॅकच्या ओळीत काय दिसेल ते पूर्णपणे तुझ्या हातात आहे. माझ्या पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मागे हे एकच वाक्य होते. विषय निवडताना, नोकरीचे तास कमी करताना, एमकॅटची (मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची) तारीख पुढे ढकलताना मी एवढेच पाहिले की त्या एका ओळीचे काय होणार आहे.

कार्यक्रमही दोन प्रकारचे असतात. ब्रिन मॉर आणि गाउचर या महाविद्यालयांचे प्रसिद्ध पोस्ट-बॅक कार्यक्रम ज्यांनी पदवीला विज्ञान घेतलेच नव्हते अशांसाठी आहेत. साहित्य किंवा अर्थशास्त्र शिकलेली, पण पुढे डॉक्टर व्हावेसे वाटलेली माणसे तिथे रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र पहिल्यापासून शिकतात. विज्ञान घेऊन ग्रेड कमी पडलेल्यांसाठी वेगळे कार्यक्रम आहेत, आणि पदवीधर विद्यार्थी म्हणून राज्य विद्यापीठात नाव घालून आपले विषय आपणच निवडण्याचीही मुभा असते. खर्चाचा विचार करून मी हा शेवटचा मार्ग घेतला.

पैशांची बाजू इथे थोडी खोलात सांगायला हवी, कारण तिची माहिती फार उशिरा मिळते. पहिली पदवी मिळाल्यावर केंद्र सरकारचे पेल अनुदान बंद होते. मेडिकल स्कूलला आवश्यक असलेले पूर्वविषय घेण्यासाठी सलग १२ महिन्यांपर्यंत सरकारी कर्ज मिळू शकते, परंतु विषय केवळ जीपीए सुधारण्यासाठी घेतलेले असतील तर ते त्या सवलतीत बसत नाहीत. दुसऱ्या पदवीसाठी रीतसर नाव नोंदवले आणि सत्राला किमान अर्धवेळ, म्हणजे सहा क्रेडिट घेतले, तर पदवीपातळीची जी एकूण कर्जमर्यादा शिल्लक असेल तेवढे कर्ज घेता येते. पहिल्या सत्रात मी कोणत्याही पदवीत नाव न घालता विषय घेतले आणि फी पगारातून व बाबांच्या मदतीने भरली. नंतर बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या पदवीला नाव घातले, ती पूर्ण करण्याचा हेतू नसतानाही, कारण त्यामुळे कर्जही मिळाले आणि नावनोंदणीत क्रमही वर आला. पदवीबाहेरच्या विद्यार्थ्यांची नावनोंदणी सर्वांत शेवटी उघडते, आणि तोपर्यंत प्रयोगशाळेच्या चांगल्या वेळा भरून गेलेल्या असतात.

विषयांची निवड हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे. जुना विषय पुन्हा घेतला की पहिली ग्रेड जाते असा अनेकांचा समज असतो. ॲमकास दोन्ही ग्रेड मोजते. चार क्रेडिटच्या विषयात आधी ‘सी’ आणि मग ‘ए’ असेल तर आठ क्रेडिटवर सरासरी ‘बी’ धरली जाते. डीओ ही डॉक्टरकीचीच दुसरी पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूलच्या केंद्रीय अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घेत असे, पण २०१७ पासून तिथेही सगळ्या ग्रेड मोजतात. जुन्या लेखांतून मात्र अजूनही तो जुनाच नियम वाचायला मिळतो. म्हणून मी पुन्हा घेतला तो फक्त फिजिक्सचा ‘सी-मायनस’ असलेला विषय, कारण अनेक मेडिकल स्कूल आवश्यक विषयांत किमान ‘सी’ मागतात. ऑरगॅनिक केमिस्ट्री पुन्हा न घेता मी तिच्या पुढची पायरी, बायोकेमिस्ट्री, घेतली. तिच्यात ‘ए’ मिळाला तर खालचे रसायनशास्त्र आता पक्के आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याशिवाय शरीरक्रियाशास्त्र, पेशीजीवशास्त्र, अनुवंशशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्र गणितात मोजले जाते, त्यामुळे ते विज्ञानाच्या रकान्यात येते. मानसशास्त्र येत नाही.

पहिल्या सत्रात दोनच विषय घेतले, दुसऱ्यात तीन, आणि नंतर पूर्णवेळ, प्रयोगशाळांसह. सल्लागार बाईंचा आग्रह होता की, शेवटची दोन सत्रे तरी पूर्ण भाराची असावीत, कारण सुटासुटा एकेक विषय घेऊन मिळवलेल्या ‘ए’ वरून मेडिकल स्कूलचा भार पेलेल की नाही हे कळत नाही. पूर्णवेळ अभ्यास सुरू झाला तेव्हा मी स्क्राइबच्या पाळ्या आठवड्याला दोनवर आणल्या. घरखर्च सांभाळून हे जमले ते आईची तब्येत तोवर सुधारली होती म्हणून, आणि बाबांनी एकदाही पैशांचा विषय काढला नाही म्हणून.

अभ्यासाची पद्धत बदलली ती शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात. पदवीला असताना मी स्लाइड पुन्हा पुन्हा वाचत असे, आणि वाचलेले ओळखीचे वाटले की आले असे समजत असे. मूत्रपिंडाचा भाग सुरू झाला तेव्हा प्राध्यापकांनी ऑफिसच्या वेळेत मला बोर्डाजवळ उभे केले आणि पुस्तक न पाहता नेफ्रॉन (मूत्रपिंडातली रक्त गाळणारी सूक्ष्म रचना) काढायला सांगितला. मी नळी काढली, हेन्लेचा लूप काढला. मग त्यांनी विचारले की, सोडियम कुठे शोषला जातो, पाणी कुठे, आणि लूपच्या वर चढणाऱ्या जाड भागात पाणी का बाहेर पडत नाही. तिथे माझा हात थांबला. त्यांनी उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी येऊन पुन्हा काढ, म्हणाले. त्याच आठवड्यात रात्रपाळीला हृदय निकामी झालेल्या एका रुग्णाला फ्युरोसेमाइड दिल्याची नोंद मी टंकली. पायांवरची सूज, फुप्फुसांत साठलेले पाणी, मग ते इंजेक्शन आणि काही वेळाने पोटॅशियम तपासण्याची सूचना. हे शब्द मी अनेक महिने टंकत आले होते. त्या रात्री पहिल्यांदा कळले की, ते औषध लूपच्या नेमक्या त्याच जाड भागातला सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडचा वाहक बंद करते, म्हणून मीठ नळीतच राहते, त्याच्याबरोबर पाणी जाते आणि पोटॅशियमही जाते. बोर्डावर परत गेले तेव्हा नेफ्रॉन मी बोलत बोलत काढला, आणि प्राध्यापकांनी त्यावर आणखी अवघड प्रश्न विचारले.

त्यानंतर प्रत्येक विषयात हीच रीत ठेवली. आधी कोऱ्या कागदावर आठवेल ते मांडायचे, मग पुस्तकाशी ताडून पाहायचे, आणि चुकलेली प्रत्येक गोष्ट का चुकली याचे कारण वहीत लिहायचे. बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या चाचणीत मला ‘बी’ मिळाला तेव्हा चुकांची वही उघडून पाहिली, आणि निम्म्याहून अधिक चुका एन्झाइमच्या आलेखांवरच्या निघाल्या. तेवढाच भाग पुन्हा केला. शेवटी ४० क्रेडिटचा पोस्ट-बॅकचा जीपीए ३.८५ आला. एकत्रित आकडा ३.१४ झाला आणि विज्ञानाचा २.५ वरून ३.१. कागदावर मांडलेल्या गणिताच्या फार जवळ.

एमकॅट मी सगळे विषय झाल्यावरच दिली. साडेसात तासांची ती परीक्षा ४७२ ते ५२८ या मोजपट्टीवर गुण देते, आणि कमी पडलेले गुणही पुढे मेडिकल स्कूलला दिसतात. चार विभागांपैकी उताऱ्यांचा विभाग, नव्वद मिनिटांत नऊ उतारे, मला सर्वांत जड गेला, कारण त्याला पाठांतराचा उपयोग नाही आणि इंग्रजी ही माझी शाळेतली पहिली भाषा नव्हती. रोज एक उतारा, आणि लेखकाने हा परिच्छेद इथेच का ठेवला याचे एका ओळीत उत्तर, असा सराव हिवाळाभर केला. जीपीए कमी असणाऱ्याला एमकॅटमध्ये सरासरी गुण परवडत नाहीत. मला ५१३ मिळाले, आणि अर्ज भरायचे धैर्य त्या आकड्याने दिले.

ॲमकासचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो. त्यात शिकलेल्या प्रत्येक संस्थेतला प्रत्येक विषय, वर्ष, क्रेडिट आणि ग्रेड स्वतःच्या हाताने भरावी लागते, आणि मग मूळ ट्रान्सक्रिप्टशी ती ताडून पाहिली जाते. जूनमध्ये गर्दी वाढली की या पडताळणीलाच कित्येक आठवडे लागतात, म्हणून अर्ज लवकर पाठवणे हे कमी जीपीएच्या उमेदवारासाठी फार महत्त्वाचे आहे. ५,३०० अक्षरांच्या निवेदनात कमी ग्रेडबद्दल मी मोजकी वाक्ये लिहिली आणि उरलेली सर्व जागा रुग्णालयातल्या कामाला दिली. शिफारसपत्रे पोस्ट-बॅकच्या प्राध्यापकांचीच घेतली. नेफ्रॉन काढून घेणाऱ्या प्राध्यापकांनी पत्रात काय लिहिले ते मला ठाऊक नाही, पण पुढे एका मुलाखतीत परीक्षकांनी त्याच प्रसंगाबद्दल विचारले.

भारतातली पदवी घेऊन आलेल्या मराठी मुलामुलींचे प्रश्न थोडे निराळे आहेत. पुण्यामुंबईची बी. एस्सी. असलेल्यांच्या तिथल्या ग्रेड ॲमकासच्या जीपीएत साधारणपणे येत नाहीत आणि बहुतेक मेडिकल स्कूल आवश्यक विषय अमेरिकेत किंवा कॅनडात घेतलेले मागतात, त्यामुळे त्यांचा इथला जीपीए पोस्ट-बॅकनेच तयार होतो. मात्र अनेक मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांचे अर्ज घेतच नाहीत, हे दोन वर्षांची फी भरण्याआधी पाहावे. एमबीबीएस होऊन आलेल्यांना यातले काहीही करावे लागत नाही. त्यांची वाट यूएसएमएलई (डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) आणि रेसिडेन्सी (रुग्णालयातले पुढचे प्रशिक्षण) यांची आहे.

मी एमडी आणि डीओ दोन्हींना अर्ज केले. आमच्या लोकांत डीओबद्दल अकारण शंका असते. डीओ पदवीधरांना अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचे एमडींइतकेच पूर्ण अधिकार आहेत, आणि २०२० पासून दोघांच्याही रेसिडेन्सीची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आहे. बहुतेक एमडी शाळांकडून नकार आले किंवा काहीच आले नाही. एका शाळेने मुलाखतीनंतर प्रतीक्षायादीत ठेवले. दोन डीओ शाळांनी मुलाखतीला बोलावले, आणि दोन्ही ठिकाणी विचारले की, दुसऱ्या वर्षी काय झाले आणि आता काय वेगळे आहे. पहिल्या भागाला मी दोन वाक्यांत उत्तर दिले. दुसऱ्या भागासाठी मी पूर्णवेळ घेतलेली सत्रे, रुग्णालयाच्या पाळ्या आणि चुकांची वही यांबद्दल सांगितले. जानेवारीत त्यांपैकी एका शाळेचे प्रवेशपत्र आले. प्रतीक्षायादीवर उन्हाळ्यापर्यंत डोळे लावून बसण्यापेक्षा मी अनामत भरून जागा पक्की केली.

सध्या पहिले वर्ष चालू आहे. शरीरक्रियाशास्त्र, बायोकेमिस्ट्री आणि रोगप्रतिकारशास्त्र ओळखीचे आहेत, त्यामुळे तिथे वाचलेला वेळ मी शवविच्छेदनाच्या वर्गाला देते, कारण शरीररचनेचा एकही विषय मी पोस्ट-बॅकमध्ये घेतला नव्हता आणि त्याचा भार इथे सर्वांत मोठा आहे. जे आज विषय निवडत आहेत त्यांनी आपल्या विद्यापीठात तो मिळत असेल तर जरूर घ्यावा.